गाडी ऑगस्टमध्ये, जकात आत्ता

सहरी आटोपली की मनवेलपाड्यातल्या एका चार मजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर दोन गोष्टींची वाट पाहिली जाते. एक फजरच्या अजानची आणि दुसरी मोबाइलवरच्या एका ओळीची. अजान मिनिटावर होते. मशिदीतून मिळालेलं रमजानचं वेळापत्रक फ्रीजच्या दारावर चिकटवलेलं आहे आणि त्यात सहरीचा शेवट, इफ्तारची वेळ, सगळं तारखेनिशी छापलेलं आहे. मोबाइलवरची ओळ मात्र सहा आठवडे हललेली नाही. बुकिंग झालं आहे, एवढंच ती सांगते.

ही वाट आहे महिंद्राच्या बीई ६ या गाडीची. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी ती चेन्नईत लोकांसमोर आली, तेव्हा तिचं नाव बीई ६ई होतं. विमान कंपनी इंडिगोने ‘६ई’ आमचं आहे म्हणत दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि गाडीच्या नावातला ‘ई’ गळला. कंपनीच्या लेखी ही इलेक्ट्रिक एसयूव्ही आहे. मनवेलपाड्यातली पोरं तिला सरळ स्पोर्ट्स कार म्हणतात आणि त्यांचं फारसं चुकत नाही. मागे उतरतं छप्पर, लढाऊ विमानासारखी चालकाची जागा, गाडीतले आवाज ए. आर. रहमान यांनी रचलेले, आणि मोठ्या बॅटरीची गाडी थांबलेल्या स्थितीतून ताशी १०० किलोमीटरचा वेग ६.७ सेकंदांत गाठते. विरार स्टेशनपासून मनवेलपाड्याकडे येणाऱ्या रस्त्यावर संध्याकाळी ६.७ सेकंदांत शेअर रिक्षा समोरच्या हातगाडीला वळसासुद्धा घालू शकत नाही. पण गाडीची हौस रस्ता बघून थोडीच होते?

बुकिंग १४ फेब्रुवारीला सकाळी नऊ वाजता उघडलं. शुक्रवार होता. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी, वय वर्षं ३८, अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बनवण्याचा धंदा, वालीवला छोटा गाळा, जुम्याच्या नमाजाआधी २१ हजार रुपये भरले आणि मगच कामावर गेले. संध्याकाळी कळलं की चौथ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनीही तेच केलं आहे. हे शेजारी मूळचे कणकवलीकडचे, अंधेरीत एका खासगी कंपनीत हिशेबनीस. दोघांनी एकमेकांना एक शब्द सांगितला नव्हता. ‘नजर लागते’ असं दोन्ही घरच्या बायकांचं मत होतं. आज नाव छापायलाही दोघं तयार नाहीत. हिशेबनीसांचं कारण तेच नजरेचं, खिडकीवाल्यांचं कारण पुढे येईल.

त्या एका दिवसात बीई ६ आणि तिची बहीण एक्सईव्ही ९ई या दोन गाड्यांची मिळून ३०,१७९ बुकिंग झाली. किंमत धरली तर ८,४७२ कोटी रुपये. सुरुवातीला दोन्ही मिळून महिन्याला सुमारे पाच हजार गाड्या चाकणच्या कारखान्यातून काढायच्या, अशी कंपनीची तयारी. भागाकार शाळेतल्या पोरालाही जमेल: पहिल्या दिवसाचीच रांग सरायला सहा महिने. शिवाय रांगेत सगळे सारखे नाहीत. सर्वांत महागडी ‘पॅक थ्री’ घेणाऱ्यांना मार्चच्या मध्यापासून गाडी, तिच्या खालच्यांना जून, मग जुलै, आणि सर्वांत स्वस्त ‘पॅक वन’वाल्यांना ऑगस्ट. हिशेबनीसांनी बँकेचं कर्ज काढून ‘पॅक थ्री’ घेतली, एक्स-शोरूम २६ लाख ९० हजारांची. खिडकीवाल्यांच्या हातात रोख होती, म्हणून ‘पॅक वन’, १८ लाख ९० हजारांची. त्यांची गाडी बारा-पंधरा पाण्याच्या सरी अंगावर घेतल्याशिवाय मनवेलपाड्यात येणार नाही.

कर्ज का काढलं नाही, हा प्रश्न त्यांना इमारतीत सगळ्यांनी विचारून झाला आहे. उत्तर सोपं आहे: व्याज द्यायचं नाही. इस्लाममध्ये व्याज घेणं आणि देणं दोन्ही मना. प्रत्यक्षात घरासाठी, धंद्यासाठी कर्ज काढणारे मुसलमान मनवेलपाड्यातही पुष्कळ आहेत आणि त्यांच्यावर बोट दाखवण्याचा या गृहस्थांचा स्वभाव नाही. ‘घर गरज असते, ही हौस आहे. हौसेसाठी व्याज भरायला मन घेत नाही,’ एवढंच ते म्हणतात. सात वर्षं पैसे साठवले. दोह्यात नोकरी करणाऱ्या थोरल्या भावाने हातभार लावला. तेवढ्या काळात त्यांच्या घरासमोरून तीन नव्या मॉडेलांच्या लाटा गेल्या.

अब्बांना या सगळ्याचं हसू येतं. अब्बा खेडकडचे, चौऱ्याहत्तर वर्षांचे, मुंबईत टॅक्सी चालवली. टॅक्सी दुसऱ्याची. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी, जिला मुंबईकर शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हणत राहिले. लग्न झालं त्या वर्षी त्यांनी एका स्कूटरचं बुकिंग केलं. स्कूटर आली तेव्हा थोरला मुलगा पहिलीत गेला होता. हे तेव्हा नवलाचं नव्हतं. आकुर्डीच्या बजाजच्या स्कूटरसाठी सात-आठ वर्षं, कधी दहा वर्षंही थांबणारी घरं महाराष्ट्रात गल्लोगल्ली होती. मुलगी जन्मली की स्कूटर नोंदवायची, म्हणजे जावयाला देता येईल, असा विनोद केला जाई आणि त्यात विनोद थोडाच असे.

तेव्हाची रांग सरकारने आखलेली होती. कारखान्याने किती गाड्या बनवायच्या हे परवान्यात लिहिलेलं. मागणी दहापट असली तरी परवान्याबाहेर एक जास्त काढायची सोय नव्हती. त्यामुळे बुकिंगचा नंबर हीच एक मालमत्ता झाली होती. लोक नंबर विकत आणि वर ‘ऑन’ घेत. ज्यांचं कुणी आखातात होतं त्यांना परकीय चलन भरून रांग ओलांडता येई, आणि कोकणातल्या मुसलमान घरांमध्ये तशा स्कूटरी बऱ्याच आल्या. अब्बांचं तिकडे कुणी नव्हतं. थोरला मुलगा दोह्याला गेला तोवर रांगच संपली होती. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हाती पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ठेवली, त्या गाडीसाठीही लोक वर्षानुवर्षं थांबले. मग १९९१ नंतर परवाने गेले, कंपन्या आल्या आणि एक पिढी अशी वाढली जिला गाडी म्हणजे शोरूममध्ये जाऊन पसंत करायची आणि आठवड्यात घरी आणायची वस्तू वाटत होती.

स्पोर्ट्स कार मात्र तेव्हाही नशिबात नव्हतीच. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनी, उघड्या टपाची एक देशी गाडी निघाली आणि विरून गेली. दिलीप छाब्रिया यांची अवंती जानेवारी २०१२ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत झळकली. ती ग्राहकांच्या हाती पडेपर्यंत आणखी काही वर्षं उलटली आणि तोवर अनेकांचा उत्साह आटला होता. आपल्याकडे देखणी गाडी आधी फोटोत येते आणि मग बराच काळ फोटोतच राहते.

रांग पुन्हा आली ती २०२० नंतर, आणि या वेळी तिला कुठल्याही परवान्याचं कारण नव्हतं. २ ऑक्टोबर २०२० ला नवी थार आली, नाशिकच्या कारखान्यात बनणारी. तिच्यासाठी लोक महिनोन्‌महिने थांबले. २०२१ मध्ये जगभर चिपांचा तुटवडा पडला. नखाएवढी ती वस्तू मिळेना म्हणून तयार गाड्या कारखान्यांच्या आवारात उभ्या राहिल्या. त्याच सुमारास एक्सयूव्ही ७०० ची पहिली २५ हजार बुकिंग तासाभराच्या आत झाली आणि काही मॉडेलांना वर्षाहून अधिक थांबावं लागलं. ३० जुलै २०२२ ला स्कॉर्पिओ-एनने अर्ध्या तासात एक लाखाचा आकडा गाठला. कंपन्या आता हे आकडे जाहिरातीसारखे मिरवतात. पूर्वी लांबलचक रांग असली की मंत्र्याला संसदेत उत्तर द्यावं लागे. आता त्याच रांगेची पेढे वाटल्यासारखी बातमी होते.

या रांगेत एक गोम आहे आणि ती बुकिंगच्या कागदावर बारीक अक्षरात असते. किंमत बहुधा बुकिंगच्या दिवसाची धरली जात नाही, डिलिव्हरीच्या दिवसाची धरली जाते. स्कॉर्पिओ-एनच्या वेळी सुरुवातीची किंमत पहिल्या २५ हजार बुकिंगपुरतीच होती. पुढचे लोक कुठल्या किमतीला गाडी घेणार, हे त्यांना रांगेत शिरताना सांगता आलं नसतं. तारीखही ‘अंदाजे’ असते. पैसे भरणाऱ्याची बाजू पक्की, माल देणाऱ्याची पातळ.

हा प्रश्न गाडीइतका नवा नाही. मदिनेत चौदाशे वर्षांपूर्वी खजुराच्या बागांचा व्यवहार असाच चाले. शेतकऱ्याला पैशांची निकड आत्ता, खजूर पिकणार पुढच्या वर्षी किंवा त्याच्याही पुढच्या. म्हणून लोक एक-दोन वर्षं आधीच पैसे देऊन ठेवत. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) मक्केहून मदिनेत आले तेव्हा त्यांनी ही प्रथा बंद केली नाही. तिला अट घातली: आधी पैसे द्यायचे तर माप ठरलेलं हवं, वजन ठरलेलं हवं आणि मुदतही ठरलेली हवी. अरबीत या व्यवहाराला ‘सलम’ म्हणतात. पुढे कारागिराकडून वस्तू बनवून घेण्याच्या व्यवहारालाही, म्हणजे चांभाराला जोड्यांची ऑर्डर देण्यासारख्या ‘इस्तिस्ना’ला, फकिहांनी मान्यता दिली, तिथेही वस्तू कशी, किंमत किती, हे आधी स्पष्ट असलं पाहिजे. खिडकीवाल्यांना हे सगळं पाठ आहे, कारण त्यांचा धंदाच इस्तिस्नाचा. बिल्डर आगाऊ रक्कम देतो, ते खिडक्या बनवून देतात. ‘मी बिल्डरला लिहून देतो, चाळीस दिवस. एक्केचाळिसाव्या दिवशी त्याचा फोन येतो. मला कुणी डिलिव्हरीच्या दिवशीचा भाव देणार आहे का?’ विरारमध्ये पैसे आधी आणि माल मागून या व्यवहाराचा अनुभव घेतलेली माणसं कमी नाहीत. कित्येकांनी घरं तशीच घेतली. गाडीच्या बाबतीत त्यांना सबुरी शिकवायला जाऊ नये.

सबुरी म्हणजे सब्र, आणि रमजान हा सब्रचा महिना, असं दरवर्षी म्हटलं जातं. ते खरंच आहे. पण रोजा सोडण्याची वेळ ठरलेली असते. पावणेसातनंतर काही मिनिटांनी अजान झाली की खजूर तोंडात टाकायचा. त्यात उगाच उशीर करणं उलट नापसंत मानलं गेलं आहे. उपाशी माणसाला ‘अंदाजे पुढच्या तिमाहीत’ असं कुणी सांगत नाही.

खिडकीवाल्यांच्या वाट पाहण्यातला अवघड भाग मात्र वेगळाच निघाला. तो जकातीचा.

ज्याच्याकडे साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी, किंवा तेवढ्या किमतीची रोकड, गरजा भागून चांद्रवर्षभर शिल्लक आहे, त्याने त्यातला चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के, गरजूंना देणं बंधनकारक आहे. राहतं घर, वापरातली गाडी, कामाची हत्यारं यांवर जकात नाही. खिडकीवाल्यांचं वर्ष दहाव्या रोज्याला पुरं होतं. हिशेब लिहायला बसले आणि त्यांच्या लक्षात आलं: गाडी आली असती तर ते पैसे गाडीत गेले असते आणि गाडीवर जकात शून्य. गाडी ऑगस्टमध्ये येणार म्हणून विमा, चार्जर वगैरे धरून ठेवलेले वीस लाख बँकेत तसेच पडून आहेत. वीस लाखांचे अडीच टक्के पन्नास हजार.

त्यांनी मौलानांना विचारून पाहिलं. ही रक्कम कंपनीला द्यायचीच आहे, मग ती देणी समजून वजा करता येणार नाही का? मौलानांनी उलट विचारलं, ‘गाडी तुमची झाली का?’ नाही. ‘उद्या नको म्हणालात तर कुणी कोर्टात खेचेल का?’ नाही. ‘मग हे देणं कसलं? तुम्ही फक्त रांगेत नंबर लावलाय. पैसे तुमचेच आहेत.’ घरी आले तेव्हा चेहरा उतरला होता, हे ते लपवत नाहीत. सात वर्षं एकेक खिडकी बसवून जमवलेले पैसे. आणि घरी बसवायचा लहान चार्जरही कंपनीकडे पन्नास हजारांचाच आहे; म्हणजे नेमका तो खड्डा. बायको म्हणाली, ‘गाडी वेळेवर आली असती तर सगळेच वीस गेले असते. तेव्हा तुम्ही बरे हसत होता.’

त्या पन्नासपैकी सोळा हजार खेडला गेले, नात्यातल्या एका विधवेला. जकातीत आधी आपल्या जवळच्यांकडे पाहायचं असतं. चौतीस हजार मनवेलपाड्यातच राहिले. स्टेशनच्या शेअर लाइनीवर रिक्षा चालवणारा एक जण डिसेंबरात पाय मोडून घरी बसला होता. हप्ते चुकले आणि फायनान्सवाले रिक्षा ओढून घेऊन गेले. जकात कुणाला द्यावी याचे आठ प्रकार कुरआनात सांगितले आहेत आणि कर्जात बुडालेला माणूस हा त्यांतला एक. म्हणजे व्याज नको म्हणून सात वर्षं थांबलेल्या माणसाचे पैसे शेवटी दुसऱ्याच्या व्याजाच्या हप्त्यातच गेले. खिडकीवाल्यांना हे सलत होतं. मौलाना म्हणाले, ‘पैसे त्याच्या हातात द्या, कर्ज त्याचं आहे, तो फेडेल.’ मशिदीच्या कमिटीतल्या एकाने ते पोचवले. कुणाचे, हे रिक्षावाल्याला सांगितलेलं नाही. नाव छापायला नकार आहे तो यासाठी.

सोळाव्या रोज्याला रिक्षा लाइनीवर परत आली. परवा इफ्तारच्या घाईत खिडकीवाले स्टेशनवरून नेमके त्याच रिक्षात बसले, मागे तिघं आणि पुढे चालकाला चिकटून हे. रिक्षावाला वाटभर बोलत होता. विषय तोच: मनवेलपाड्यात कुणीतरी ती नवी बॅटरीवाली स्पोर्ट्स कार बुक केली आहे म्हणे. ‘एवढा पैसा लोकांकडे येतो कुठून, भाई?’ यांनी भाडं दिलं आणि उतरले.

इमारतीत दरम्यान वेगळीच धामधूम होती. तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये चार्जर बसवायचा तर सोसायटीची परवानगी हवी, वीज मंडळाकडून वाढीव भार हवा, आणि मीटरपासून खांबापर्यंत केबल कुणाच्या भिंतीवरून जाणार, हा तर सोसायटीच्या सभेत तासभर चालेल असा विषय. चालला तो अडीच तास. कुणी आगीचा मुद्दा काढला, कुणी बिलाचा. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी पावसाळ्यात तळमजल्यावर पाणी भरतं तेव्हा काय, असं विचारलं आणि सगळे गप्प झाले, कारण तो प्रश्न खरोखर चांगला होता. चार्जर आता कमरेच्या वर, पाण्याची मागची खूण सोडून बसवला आहे. तूर्त एकच, हिशेबनीसांच्या गाडीबरोबरचा, आणि ऑगस्टनंतर रात्री वाटून वापरायचा, असं कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या आहेत. सोम-बुध-शुक्र तिसरा मजला, मंगळ-गुरु-शनि चौथा, रविवार ज्याला गरज असेल त्याला. मुदत, माप, सगळं ठरलेलं.

आता प्रश्न येत्या रविवारचा आहे. ३० मार्चला गुढीपाडवा. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, त्यामुळे शोरूममध्ये त्या दिवशी किल्ल्या घेणाऱ्यांची अशी गर्दी असते की पेढे आणि हार गाडीच्या आधी संपतात. हिशेबनीसांची गाडी चाकणहून निघाली आहे, असा निरोप आला आहे. रविवारीच मिळेल का, हे शोरूमवाला ‘बघतो’ म्हणतो. गाडी आली तर पहिली फेरी जीवदानीच्या पायथ्याशी, हे काकूंनी ठरवलं आहे. नंबर एमएच ४८ चा कुठला मिळणार, याची पैज मुलांनी लावली आहे.

त्याच संध्याकाळी इमारतीची गच्ची दुसऱ्या कारणासाठी भरेल. एकोणतिसावा रोजा असेल. चंद्र दिसला तर सोमवारी ईद, नाही दिसला तर तीस रोजे पूर्ण करून मंगळवारी. अब्बांचे गुडघे दुखतात, ईदच्या नमाजाला रिक्षा मिळत नाही. चौथ्या मजल्यावरून निरोप आला आहे की काकांना नव्या गाडीतून सोडायचं, तेही पुढच्या सीटवर. सोमवारी ऑफिसला सुट्टी आहे. मंगळवारची रजा हिशेबनीसांनी आजच टाकून ठेवली आहे.